हाटखोल्याचे सचिन नाग: कलकत्त्याच्या जलतरण आणि वॉटर पोलोचे एक पर्व

आशियाई क्रीडा स्पर्धांना १९५१ मध्ये दिल्लीत प्रारंभ झाला, आणि तेव्हापासून २०२३ च्या हांग्‌चौ येथील स्पर्धेपर्यंत भारताला पोहण्याच्या शर्यतींत सुवर्णपदक मिळाले ते एकदाच, पहिल्याच स्पर्धेत, उत्तर कलकत्त्यातील हाटखोला क्लबाचे जलतरणपटू सचिन नाग यांच्यामुळे. खजानसिंग यांनी १९८६ मध्ये सोल येथे २०० मीटर बटरफ्लाय शर्यतीत रौप्यपदक मिळवले, कोल्हापूरच्या वीरधवल खाडे याने २०१० मध्ये ग्वांग्‌चौ येथे ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक आणले, परंतु सुवर्णाची जागा अजून नाग यांचीच आहे. तरीही त्यांचा विचार केवळ या एका पदकापुरता करणे अपुरे ठरेल, कारण ते शर्यतीचे पोहणारे होते, वॉटर पोलोचे ऑलिंपिकपटू होते आणि पुढे इंग्लिश खाडी पोहून जाणाऱ्या पहिल्या आशियाई महिलेचे गुरूही होते. एका माणसाच्या आयुष्यात या तीन गोष्टी एकत्र आल्या याचे कारण त्याच्या अंगच्या गुणांत जितके आहे, तितकेच कलकत्ता शहराच्या पाण्यात आणि त्या पाण्याभोवती उभ्या राहिलेल्या क्लबांत आहे.

या शहराला पोहण्याच्या जागा मिळाल्या त्या क्रीडेच्या हेतूने नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, १८१७ नंतर, कलकत्त्यात ‘लॉटरी कमिटी’ नावाची समिती काम करीत असे. सोडतीच्या तिकिटांतून जमलेल्या पैशांवर रस्ते आखणे, चौक बांधणे आणि पिण्याच्या पाण्यासाठी तलाव खोदणे हे तिचे काम होते. बेथून कॉलेजशेजारचा हेदुआ आणि विद्यापीठासमोरचा कॉलेज स्क्वेअर, ज्याला स्थानिक लोक गोलदिघी म्हणतात, हे चौकोनी तलाव याच कामातून आकाराला आले. पुढे १८७० च्या सुमारास पलता येथून गाळलेले पाणी नळाने शहरात येऊ लागले, तेव्हा पिण्यासाठी या तलावांची गरज उरली नाही. मात्र ते बुजवले गेले नाहीत, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत त्यांच्या काठांवर पोहण्याचे क्लब उभे राहिले. पाण्यात लाकडी खांब रोवून फलाट बांधायचे, दोन फलाटांमध्ये दोर ताणून शर्यतीचे पट्टे आखायचे आणि फळीला पाय देऊन वळायचे, अशी ही व्यवस्था असे. पाणी हिरवट, तळ चिखलाचा आणि दृष्टी हातभर अंतरापुरती. आजच्या तलावांत तळाशी असलेली काळी रेघ पाहून सरळ पोहण्याची सवय झालेल्या जलतरणपटूला अशा पाण्यात दिशा राखणे अवघड जाईल. गोऱ्या साहेबांचा ‘कलकत्ता स्विमिंग क्लब’ १८८७ पासून गंगेच्या जवळ स्ट्रँड रोडवर होता, पण त्याचे दार भारतीयांना स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षे बंद राहिले. त्यामुळे बंगाली तरुण पोहायला शिकले ते सार्वजनिक तलावांत आणि नदीच्या घाटांवर.

नदीचे शिक्षण तलावापेक्षा वेगळे होते. कलकत्त्याजवळची गंगा, म्हणजे हुगळी, समुद्रापासून दूर असली तरी भरती-ओहोटीची नदी आहे. दिवसातून दोनदा तिचा ओघ उलटतो, आणि मोठ्या भरतीच्या दिवसांत पाण्याची एक उभी भिंत मुखाकडून वर चढत येते, तिला बंगालीत ‘बान’ म्हणतात. अहिरीटोला, शोभाबाजार, कुमारटुली या भागांतल्या मुलांना पाणी कधी वळते, मध्यधारेला किती ओढ असते आणि काठाजवळ उलटा प्रवाह कुठे सापडतो, हे शाळेच्या धड्यांआधी कळत असे. हाटखोला हा याच पट्ट्यातला जुना व्यापारी मोहल्ला.

या पाण्याला क्रीडेचे रूप आले ते राष्ट्रीय भावनेच्या ओघात. बंगाली माणूस दुबळा आणि भित्रा, हा इंग्रज लेखकांनी रूढ केलेला आरोप एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सुशिक्षित बंगाल्यांच्या जिव्हारी लागला होता. १९०२ मध्ये अनुशीलन समिती स्थापन झाली, १९०५ च्या फाळणीविरोधी आंदोलनानंतर गल्लोगल्ली व्यायाम समित्या निघाल्या, आणि १९११ मध्ये मोहन बागानच्या संघाने गोऱ्या पलटणीला हरवून फुटबॉलची आयएफए ढाल जिंकली, तेव्हा मैदानावरचा विजय हा राजकीय विजयासारखा साजरा झाला. महाराष्ट्रात याच काळात पुण्याचा डेक्कन जिमखाना (१९०६) आणि अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (१९१४) यांसारख्या संस्था उभ्या राहिल्या, त्यांच्यामागेही थोड्याफार फरकाने हीच प्रेरणा होती. बंगालमध्ये मात्र या प्रेरणेला पाण्याची जोड मिळाली. तालीम किंवा आखाडा जे काम महाराष्ट्रात करीत होता, त्यातले बरेचसे उत्तर कलकत्त्यात घाट आणि तलाव करीत होते.

सचिन नाग यांचा जन्म ५ जुलै १९२० रोजी वाराणसीत झाला. त्यांच्या पोहण्याच्या आरंभाविषयी जी हकीकत सांगितली जाते ती सविनय कायदेभंगाच्या दिवसांतली आहे: १९३० मध्ये, दहा वर्षांचे असताना, एका निदर्शनावर पोलिसांचा लाठीमार सुरू झाल्यावर या मुलाने गंगेत उडी घेतली, त्या वेळी नदीत दहा किलोमीटरची शर्यत चालू होती, तिच्या पोहणाऱ्यांत तो मिसळला आणि तिसरा आला. या हकीकतीतील तपशील काळाच्या ओघात गडद झाले असण्याचा संभव गृहीत धरला तरी तिचा गाभा महत्त्वाचा आहे, तो असा की हा मुलगा कोणत्याही शिक्षकाविना नदीत दहा किलोमीटर टिकत होता. कलकत्त्याचे जाणते प्रशिक्षक जामिनी दास यांची नजर त्याच्यावर गेली आणि त्यांच्या आग्रहाने तो कलकत्त्याला आला. ज्या नदीत तो वाढला तिच्याच काठाने तो खाली आला, फक्त आता पाणी एकाच दिशेने वाहणारे नव्हते.

हाटखोला क्लबात त्याचे नाव दाखल झाले आणि पुढची काही वर्षे नदीच्या लांब पल्ल्यांकडून तलावातल्या छोट्या, वेगाच्या शर्यतींकडे त्याला वळवण्यात गेली. हा बदल दिसतो तितका सोपा नाही. लांब पल्ल्यासाठी श्वास पुरवून, हात सैल ठेवून, प्रवाहाचा फायदा घेत पोहावे लागते, तर शंभर मीटरची फ्रीस्टाइल, म्हणजे हव्या त्या पद्धतीने पोहण्याची परंतु व्यवहारात हात आळीपाळीने पुढे टाकून पोहण्याची शर्यत, मिनिटाभरात सर्व शक्ती खर्च करण्याची असते, आणि तिच्यात उडी, वळण आणि शेवटचे दहा मीटर यांवर निकाल ठरतो. १९३७ मध्ये नाग यांनी बंगालच्या राज्य स्पर्धेत १०० मीटर आणि ४०० मीटर या दोन्ही फ्रीस्टाइल शर्यती जिंकल्या. एकाच पोहणाऱ्याने वेगाची आणि दमाची अशा दोन्ही शर्यती जिंकाव्यात यात नदीचा आणि तलावाचा वारसा एकत्र दिसतो. १९४० मध्ये त्यांनी दुर्गा दास यांचा १०० मीटरचा विक्रम मोडला, आणि हा नवा विक्रम पुढे तीन दशके टिकला.

या विक्रमाच्या वर्षाकडे थोडे थांबून पाहावे लागते. १९४० चे ऑलिंपिक युद्धामुळे रद्द झाले होते आणि १९४४ चेही झाले नाही. म्हणजे वीस ते चोवीस या वयात, जेव्हा वेगाच्या शर्यती पोहणाऱ्याचे शरीर सर्वांत तयार असते, तेव्हा नाग यांच्यापुढे जागतिक स्पर्धाच नव्हती. त्या दशकात कलकत्त्यावर जपानी बाँब पडले, १९४३ च्या दुष्काळात खेड्यांतून आलेले भुकेले लोक याच शहराच्या फुटपाथवर मेले आणि १६ ऑगस्ट १९४६ पासून दंगलींनी शहर फाटले. खेळाडूंच्या चरित्रांत ‘युद्धामुळे संधी हुकली’ असे एका वाक्यात लिहिले जाते, परंतु नाग यांच्या बाबतीत हे वाक्य त्यांच्या कारकिर्दीच्या निम्म्या भागाइतके मोठे आहे.

दंगलींची झळ त्यांना प्रत्यक्ष लागली. १९४७ मध्ये कलकत्त्यातील अशांततेत त्यांच्या उजव्या पायात गोळी घुसली, आणि पूर्ववत होण्यास दोन वर्षे लागतील, असे डॉक्टरांचे मत पडले. लंडनचे ऑलिंपिक वर्षभरावर आले होते. पोहण्यात पायांचे काम केवळ पाणी मारण्याचे नसते. शरीर आडवे आणि सरळ ठेवण्याचे, उडी मारण्याचे आणि वळणावर फळीला रेटा देण्याचे कामही पायच करतात, आणि वॉटर पोलोमध्ये तर खेळाडू सारा वेळ पायांच्या बळावरच पाण्यावर उभा असतो. काही महिन्यांतच नाग सरावाला परतले आणि संघात निवडले गेले. प्रवासाच्या पैशांचा प्रश्न उभा राहिला तेव्हा गायक हेमंत मुखोपाध्याय, म्हणजे हिंदी चित्रपटरसिकांना परिचित असलेले हेमंतकुमार, यांनी निधीसाठी गाण्याचे कार्यक्रम केले. चार वर्षांनी हेलसिंकीला जाताना कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधव यांच्यासाठी कोल्हापूरकरांनी वर्गणी काढली आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले, हे मराठी वाचकांना ठाऊक आहे. स्वतंत्र देशाच्या पहिल्या ऑलिंपिकपटूंचा खर्च अशा रीतीने गावाने आणि कलावंतांनी उचलला होता.

लंडनमध्ये नाग १०० मीटर फ्रीस्टाइल पोहले, परंतु प्राथमिक फेरीच्या पुढे गेले नाहीत. त्या शर्यतीत अमेरिकेच्या वॉली रिस यांनी ५७.३ सेकंदांत सुवर्ण जिंकले. भारतीय आणि जागतिक दर्जा यांतील अंतर सात-आठ सेकंदांचे होते, आणि शंभर मीटरच्या शर्यतीत ते अंतर फार मोठे असते. वॉटर पोलोच्या संघाची कथा याहून वेगळी आहे.

वॉटर पोलो हा पाण्यातील चेंडूचा खेळ असून त्यात प्रत्येक बाजूने सात खेळाडू असतात. तळाला पाय टेकता येत नाही, गोलरक्षक सोडून कोणालाही एका वेळी एकाच हाताने चेंडू हाताळावा लागतो, आणि तो प्रतिपक्षाच्या जाळीत टाकायचा असतो. खेळाडूला पोहता आले म्हणजे हा खेळ येतो, असा समज चुकीचा आहे: डोके पाण्याबाहेर ठेवून पोहावे लागते, कारण चेंडू आणि सहकारी सतत दिसले पाहिजेत, फेक करताना कमरेपर्यंत शरीर पाण्याबाहेर उचलावे लागते आणि त्यासाठी दोन्ही पाय आळीपाळीने गोल फिरवत राहावे लागतात, शिवाय पंचाला दिसत नाही अशा ठिकाणी, पृष्ठभागाखाली, धरपकड चालू असते. त्या काळी चेंडू चामड्याचा असे, तो पाणी शोषून जड होई, आणि हात लहान असलेल्या खेळाडूच्या पकडीतून सुटे. १९४९ पर्यंतच्या नियमांनुसार पंचाने शिट्टी वाजवली की चेंडू पुन्हा खेळात येईपर्यंत सर्वांनी जागच्या जागी थांबायचे असे, त्यामुळे खेळ तुकड्यातुकड्यांनी होई आणि ताकदीइतकेच महत्त्व जागा राखण्याला येई. कलकत्त्याच्या तलावांत हा खेळ क्लबाक्लबांत चुरशीचा होऊन बसला होता. बहूबाजार व्यायाम समितीसारख्या संस्था, हेदुआ आणि कॉलेज स्क्वेअरचे क्लब आणि हाटखोला यांच्यातील सामने काठावरची गर्दी खेचीत.

१९४८ चा भारतीय संघ प्रामुख्याने या क्लबांतून घडला होता; गोरा शील, दुर्गा दास, द्वारकादास मुखर्जी आणि चटर्जी आडनावाचे खेळाडू यांच्यासोबत मुंबईचे आयझॅक मन्सूर हेही त्यात होते. नेदरलँड्स आणि स्पेन यांच्यासारख्या युरोपीय संघांकडून या संघाचा मोठ्या फरकाने पराभव झाला, पण चिलीला भारताने ७-४ असे हरवले आणि त्यातले चार गोल नाग यांचे होते. गोळी लागलेला पाय घेऊन वर्षभरात हा माणूस पाण्यावर उभा राहून चार गोल करतो, ही गोष्ट दिल्लीच्या सुवर्णपदकापेक्षाही मोठी मानावी असे या लेखाचे मत आहे. पदकाची नोंद सर्वत्र मिळते, पण या सामन्याकडे क्वचितच कोणी लक्ष देते.

१९५१ च्या मार्चमध्ये दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमच्या परिसरातील तलावात पहिल्या आशियाई स्पर्धांच्या जलतरण शर्यती झाल्या. ८ मार्च रोजी नाग यांनी १०० मीटर फ्रीस्टाइल १ मिनिट ४.७ सेकंदांत जिंकली. त्या वेळी त्यांनी तिशी गाठलेली होती. त्याच स्पर्धेत ते दोन रिले संघांतूनही पोहले, म्हणजे एकापाठोपाठ चौघांनी किंवा तिघांनी अंतर वाटून घेण्याच्या शर्यतींत, आणि दोन्हींत भारताला कांस्यपदके मिळाली. वॉटर पोलोच्या सामन्यात भारताने सिंगापूरला ६-४ असे हरवून सुवर्ण जिंकले, तर मुंबईच्या के. पी. ठक्कर यांनी उंचीवरून पाण्यात सूर मारण्याच्या, म्हणजे डायव्हिंगच्या, दोन्ही प्रकारांत सुवर्णपदके मिळवली. कलकत्ता आणि मुंबई या दोन बंदरांच्या शहरांनी मिळून भारतीय जलक्रीडेचा तो आठवडा उभा केला.

या यशाचे मोजमाप प्रामाणिकपणे करायचे तर आणखी दोन गोष्टी सांगाव्या लागतात. दिल्लीच्या पदकयादीत जपानच्या जलतरणपटूंची नावे नाहीत, आणि १९५४ च्या मनिला स्पर्धेपासून जपानचे वर्चस्व सुरू झाल्यावर भारताला पोहण्यात पुन्हा सुवर्ण दिसले नाही. सिंगापूरच्या निओ च्वी कोक यांनी १९५१ मध्ये ४००, ८०० आणि १५०० मीटर या शर्यती जिंकल्या, म्हणजे त्या स्पर्धेतील सर्वांत यशस्वी जलतरणपटू नाग नव्हे, तर ते होते. असे असले तरी शर्यत जे उडीच्या फळीवर उभे असतात त्यांच्यातच होते, आणि वयाच्या तिशीत, युद्धाने सर्वोत्तम वर्षे खाल्ल्यानंतर, वेगाची सर्वांत छोटी शर्यत जिंकणे हे कमी नव्हते.

नाग यांच्या आयुष्यातील प्रशिक्षकाचा भाग खेळाडूच्या भागाला चिकटूनच सुरू झाला. त्या काळातील क्लबांत प्रशिक्षक हे वेगळे पद फारसे नसे. जो उत्तम पोहतो तो आपल्या सरावाआधी किंवा सरावानंतर लहानांना पाण्यात घेतो, त्यांच्या हाताची दिशा दुरुस्त करतो आणि त्यातला एखादा पुढे जाईल असे वाटले तर त्याला आपल्या छायेत घेतो, अशी ही पद्धत होती. तिची ताकद तिच्या जवळिकीत होती आणि दुर्बलता तिच्या नोंदींत, कारण अशा शिक्षकाचे नाव विद्यार्थ्याच्या पदकामागे राहून जाते.

२४ सप्टेंबर १९४० रोजी कलकत्त्यात जन्मलेली आरती साहा ही नाग यांच्या या कामाचे सर्वांत मोठे फळ होय. आई लवकर गेलेली ही मुलगी उत्तर कलकत्त्यात आजीजवळ वाढली; काकाबरोबर चांपातला घाटावर स्नानाला जाता जाता ती पोहायला शिकली, आणि तिची पाण्याची आवड पाहून वडिलांनी तिला हाटखोला क्लबात घातले. तेथे नाग यांनी तिच्यातले गुण ओळखून तिला शिकवायला घेतले. १९४६ मध्ये, वयाची सहा वर्षे पूर्ण होण्याआधी, शैलेंद्र स्मृती स्पर्धेत ११० यार्ड फ्रीस्टाइल शर्यतीत तिने सुवर्ण मिळवले. १९४८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय स्पर्धेत तिला १०० मीटर फ्रीस्टाइल आणि २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक या शर्यतींत रौप्यपदके मिळाली. ब्रेस्टस्ट्रोक म्हणजे छातीवर राहून, दोन्ही हात एकाच वेळी पुढून बाजूंना रेटत आणि पाय बेडकासारखे मारत पोहण्याची पद्धत. १९५१ मध्ये १०० मीटरच्या या शर्यतीत आरतीने मुंबईच्या डॉली नझीर यांचा अखिल भारतीय विक्रम मोडला.

पुढच्या वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकसाठी गेलेल्या भारतीय पथकात गुरू आणि शिष्या दोघेही होते, नाग वॉटर पोलोच्या संघात आणि आरती २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये. आरतीला अजून बारावे वर्ष पूर्ण व्हायचे होते. डॉली नझीर, कलकत्त्याच्या नीलिमा घोष आणि मुंबईच्या मेरी डिसूझा यांच्यासह ती स्वतंत्र भारताच्या पहिल्या ऑलिंपिक महिला खेळाडूंपैकी एक ठरली. तिची ३ मिनिटे ४०.८ सेकंद ही वेळ तिला पुढच्या फेरीत नेऊ शकली नाही, आणि वॉटर पोलोचा संघही लवकर बाद झाला. पण एका मोहल्ल्याच्या क्लबातून दोन पिढ्या एकाच ऑलिंपिकला जातात, ही गोष्ट भारतीय क्रीडेत तेव्हाही दुर्मिळ होती आणि आजही आहे.

सात वर्षांनी आरती इंग्लिश खाडीकडे वळली. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधली ही खाडी सरळ रेषेत सुमारे २१ मैल रुंद आहे, पण तिच्यातला प्रवाह भरती-ओहोटीबरोबर दर काही तासांनी उलटत असल्याने पोहणाऱ्याचा मार्ग नागमोडी होतो आणि प्रत्यक्ष अंतर जवळजवळ दुप्पट पडते. १९५८ मध्ये पूर्व पाकिस्तानचे ब्रजेन दास आणि त्यानंतर कलकत्त्याचे मिहीर सेन यांनी ती पार केली होती. आरतीच्या मोहिमेचा भार हाटखोला क्लबाने घेतला; क्लबाचे सहायक सचिव डॉ. अरुण गुप्त यांनी पुढाकार घेतला, जामिनी दास यांनी निधीच्या कार्यक्रमांसाठी खटपट केली, आणि मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांनी अकरा हजार रुपये दिले. १३ एप्रिल १९५९ रोजी देशबंधू पार्कच्या तलावात हजारो लोकांसमोर ती सलग आठ तास पोहली. २७ ऑगस्टला खाडी पोहण्याच्या बटलिन आंतरराष्ट्रीय शर्यतीत तिच्यासोबतची मार्गदर्शक नाव चाळीस मिनिटे उशिरा आली, आणि त्या उशिरामुळे अनुकूल प्रवाह हातचा गेला. इंग्लंडचा किनारा पाच मैलांच्या आत आला असताना उलटा ओघ लागला आणि चौदा तास दहा मिनिटांनी तिला पाण्याबाहेर यावे लागले. २९ सप्टेंबरला फ्रान्सच्या केप ग्री ने येथून तिने पुन्हा सुरुवात केली, आणि १६ तास २० मिनिटांत सुमारे ४२ मैल पोहून इंग्लंडच्या सँडगेटला ती पोहोचली. अशी कामगिरी करणारी ती पहिली आशियाई महिला होती.

या यशाचे श्रेय अनेकांचे आहे आणि ते एकट्या नाग यांच्या पदरात टाकणे न्याय्य होणार नाही. तथापि, चांपातल्याच्या घाटावरून ऑलिंपिकपर्यंतचा या मुलीचा प्रवास ज्या हातांनी घडवला त्यांत पहिला हात त्यांचा होता. हुगळीच्या वळत्या पाण्यात वाढलेल्या मुलीला खाडीचे उलटणारे प्रवाह अनोळखी नव्हते, हा मुद्दाही ध्यानात घ्यावा लागेल.

घाट, क्लब आणि हट्टी प्रशिक्षक यांचे हे जग किती सर्वपरिचित होते, याचा पुरावा बंगाली साहित्यात सापडतो. क्रीडापत्रकार आणि कादंबरीकार मती नंदी यांच्या ‘कोनी’ या कादंबरीत क्षितीश नावाचा एक उपेक्षित प्रशिक्षक, वारुणीच्या पर्वणीला गंगेत सोडलेले आंबे गोळा करणाऱ्या झोपडपट्टीतल्या मुलीला हेरतो आणि क्लबांच्या राजकारणाशी झगडत तिला राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत नेतो. तेथे तिची प्रतिस्पर्धी महाराष्ट्राची रमा जोशी असते. या कादंबरीवर पुढे चित्रपट निघाला आणि क्षितीशची भूमिका सौमित्र चटर्जी यांनी केली. क्षितीश म्हणजे नाग नव्हेत, आणि तसा शोध घेण्याचेही कारण नाही. परंतु असा माणूस कादंबरीचा नायक होऊ शकतो हे वाचकांना पटले, कारण त्याच्यासारखी माणसे त्यांनी हेदुआच्या आणि गोलदिघीच्या फलाटांवर पाहिली होती.

वॉटर पोलोचा प्रवास मात्र उतरता झाला. १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत भारताला रौप्य आणि १९८२ मध्ये दिल्लीत कांस्य मिळाले, त्यानंतर पदक नाही. कारणे उघड आहेत: जग खोल, स्वच्छ, मोजमापाच्या तलावांकडे आणि वर्षभराच्या शास्त्रीय सरावाकडे गेले, खेळ अधिक वेगवान झाला, आणि मोहल्ल्याच्या क्लबाला या खर्चाची झेप घेता आली नाही.

मिहीर सेन यांना १९५९ मध्ये आणि आरती साहा यांना १९६० मध्ये पद्मश्री मिळाली. आरतीच्या नावाचे टपाल तिकीटही १९९९ मध्ये निघाले. अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाला तेव्हा नाग स्पर्धात्मक पोहण्यातून बाहेर पडले होते. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ मध्ये सुरू झाला आणि पहिल्या मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत होते. नाग त्यानंतर दोन वर्षे जिवंत होते, पण त्या यादीत त्यांचे नाव आले नाही. १९ ऑगस्ट १९८७ रोजी त्यांचे निधन झाले. क्रीडेतील आजीवन योगदानासाठीचा ध्यानचंद पुरस्कार त्यांना २०२० मध्ये, मृत्यूनंतर तेहतीस वर्षांनी, जन्मशताब्दीच्या वर्षी जाहीर झाला आणि तो त्यांच्या कुटुंबीयांनी स्वीकारला. एवढा उशीर कोणा एका समितीच्या अनास्थेने झाला असे म्हणता येत नाही. ज्या क्रीडाव्यवस्थेत शिकवणाऱ्याची नोंद ठेवण्याची पद्धतच नव्हती, तिचा हा स्वाभाविक परिणाम आहे.

हा प्रश्न कलकत्त्यापुरता नाही. पुण्याच्या टिळक तलावावर, दादरच्या शिवाजी पार्कजवळच्या तलावावर, कोल्हापूरच्या आणि सांगलीच्या नदीघाटांवर पिढ्यान्‌पिढ्या मुलांना पाण्यात उतरवणारे शिक्षक होऊन गेले, त्यांच्यापैकी फारच थोड्यांची चरित्रे लिहिली गेली. त्यांचे विद्यार्थी अजून हयात आहेत, क्लबांच्या जुन्या नोंदवह्या आणि स्पर्धांची प्रमाणपत्रे अजून कपाटांत आहेत. ज्यांच्या हाती ही साधने आहेत त्यांनी ती अभ्यासकांना खुली करावीत आणि हे लेखन आताच हाती घ्यावे.